हलकी रायफल आणि जड धक्का

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत अजून शिकारी रायफली आहेत. आजोबांच्या लायसनवरून वडिलांच्या आणि तिथून नातवाच्या लायसनवर आलेल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, त्यामुळे आता त्या वाजल्या तर नेमबाजीच्या रेंजवरच वाजतात. पॉइंट टू-टू (छोट्या काडतुसाची, जेमतेम धक्का देणारी रायफल) किंवा एअर रायफलवर हात बसलेली मुलं एक दिवस थर्टी-ओ-सिक्स, म्हणजे मोठ्या काडतुसाची शिकारी रायफल, खांद्याला लावतात आणि दुसऱ्या दिवशी निळा खांदा दाखवत फिरतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. नेम, श्वास, रेंजची शिस्त येते असं धरून चालतो.

आधी हिशोब, कारण ‘खांदा मजबूत कर’ म्हणणाऱ्यांचा मला वैताग येतो. थर्टी-ओ-सिक्सची १८० ग्रेनची गोळी म्हणजे सुमारे पावणेबारा ग्रॅम. ती सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास वेगाने सुटते आणि मागोमाग जळालेल्या दारूचा वायू त्याहून वेगाने बाहेर पडतो. दोन्हींचा संवेग मिळून रायफल मागे ढकलली जाते. रायफल चार किलोची असेल तर ती साधारण साडेतीन मीटर प्रतिसेकंदाने मागे येते आणि २५ ज्यूलचा धक्का देते. तेच काडतूस तीन किलोच्या रायफलीत घाला, धक्का ३३ ज्यूलवर जातो. म्हणजे एक किलो वाचवला आणि धक्का एक तृतीयांशाने वाढवला. दुकानात ‘किती हलकी आहे बघा’ म्हणून हातात देतात तेव्हा हे कोणी सांगत नाही. खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा नसेल तर हलकेपणाचं कौतुक कशाला, असं माझं मत आहे.

आता खरा सापळा. धक्का नेम बिघडवत नाही. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाचा हजारावा भाग, फार तर थोडा जास्त, लागतो. तेवढ्यात रायफल जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मागे सरकलेली असते. खांद्याला लाथ बसते तेव्हा गोळी केव्हाच निघून गेलेली असते. नेम बिघडतो तो धक्क्याच्या भीतीने, आणि ती भीती ट्रिगर दाबायच्या आधी काम करते: डोळे मिटतात, खांदा पुढे झेपावतो, बोट दाबण्याऐवजी झटका देतं, नळी खाली जाते. सगळ्यात वाईट म्हणजे ज्याच्याकडून हे घडतं त्याला ते कळत नाही, कारण आवाज आणि हिसका सगळं झाकून टाकतात. मीही बरेच दिवस स्कोपला, म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीलाच दोष देत होतो, पुन्हा पुन्हा झिरो करत होतो, म्हणजे तिचा नेम गोळी लागते त्या जागेशी जुळवत होतो.

इंदूरजवळ महूला लष्कराचं नेमबाजी पथक, आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, त्यामुळे आपल्याकडे निवृत्त नेमबाज काका शोधावे लागत नाहीत. असेच एक सुभेदार काका एकदा म्हणाले, “आण इकडे, मी भरतो.” माझी पाठ त्यांच्याकडे. त्यांनी कधी खरं काडतूस भरलं, कधी डमी, म्हणजे दारू नसलेलं खोटं काडतूस, मला न सांगता. डमीवर नुसती ‘टिक’ झाली आणि नळी चांगली वीतभर खाली आपटली. आवाज नाही, धूर नाही, धक्का नाही, आणि तरी माझे डोळे घट्ट मिटलेले. काका टार्गेटकडे बघतच नव्हते. “तुझी पापणी बघ आधी, कागद नंतर,” एवढंच बोलले.

हे एकट्याने करता येत नाही, भरणारा दुसराच लागतो. नळी टार्गेटकडेच राहील आणि सगळे नियम खऱ्या काडतुसाचेच. डमीवर नळी स्थिर राहीपर्यंत खऱ्यांची संख्या वाढवू नका. मधल्या काळात पॉइंट टू-टू वर जा. त्यात कमीपणा नाही, उलट बिघडलेलं बोट तिथेच सुधारतं. मोठ्या रायफलीची थोडीच काडतुसं झाडा आणि थांबा. दुखायला लागल्यावर झाडलेली प्रत्येक गोळी भीतीच पक्की करते. घाबरू नका मात्र, ही सवय सुटते. मन घट्ट करून नव्हे, शरीराला ‘काही होत नाही’ हे पुन्हा पुन्हा पटवून.

पकडीचं थोडक्यात. दस्ता, म्हणजे रायफलीचा खांद्याला लागणारा मागचा भाग, खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवा, दंडावर नको. हलका धरला तर तो आधी वेग घेतो आणि मग आदळतो. गाल दस्त्याला टेकलेला, पुढचा हात रायफलीला मागे खेचून धरणारा. उभं राहून वजन पुढच्या पायावर ठेवलं तर शरीर धक्क्यासोबत डुलतं. बाकावर बसून झिरो करताना अंग डुलायला जागा नसते, म्हणून तिथेच सगळ्यात जास्त लागतं. अशा वेळी खांदा आणि दस्ता यांच्यामध्ये वाळूची छोटी पिशवी घ्या. लाज वाटायचं कारण नाही. पालथं पडून मारताना दस्ता गळ्याखालच्या आडव्या हाडावर (कॉलर बोन) येऊ देऊ नका.

स्कोप डोळ्यापासून नऊ-दहा सेंटिमीटर लांब हवा. मान पुढे करून बघायची सवय असेल तर धक्क्याने स्कोपची कडा आदळून भुवईवर चंद्रकोर उमटते आणि ती भरायला वेळ लागतो.

मझल ब्रेकबद्दल, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायच्या, वायू बाजूला सोडणाऱ्या तुकड्याबद्दल: धक्का खरंच कमी होतो, पण आवाजाचा मारा बाजूला फेकला जातो आणि शेजारच्या लेनमधला माणूस तुम्हाला शिव्या घालतो. ब्रेक असो वा नसो, कानात प्लग आणि वर कान झाकणारे मफ, दोन्ही घाला. अर्धी भीती आवाजाचीच असते, हे मला कानाची सोय नीट झाल्यावर समजलं. रबरी पॅड बसवा, पण त्याने दस्त्याची लांबी वाढते, तेव्हा कोपर आणि डोळ्याचं अंतर पुन्हा तपासा.

आणि नवख्या पाहुण्याच्या हातात हलकी मोठी रायफल देऊन मोबाईल काढणाऱ्या मित्रांपासून लांब राहा. कोणाला पहिल्यांदा मारायला द्यायचीच असेल तर मॅगझिन रिकामं ठेवा, चेंबरमध्ये एकच काडतूस घाला, त्याच्या पाठीमागे हात ठेवून उभे राहा आणि झाल्यावर रायफल स्वतः हातात घ्या.