मिक्स कसं झालंय, हे विचारायचं कसं

घरी केलेलं गाणं मित्राला पाठवून ‘कसं झालंय?’ विचारलं की उत्तर येतं, ‘एक नंबर!’ आणि मिक्स, म्हणजे गायक आणि वाद्यांच्या आवाजांचा मेळ, होतं तिथंच राहतं. विचारायचं ते नेमकं, आणि ज्याने गाणं एकदाही ऐकलेलं नाही अशाला.

सगळ्यात उपयोगी चाचणी शब्दांची. अशा माणसाला मुखडा आणि पहिला अंतरा एकदाच ऐकवा आणि ऐकू आले ते शब्द वहीत लिहायला लावा. आपल्याला शब्द पाठ असतात, त्यामुळे दबलेलेही ऐकू येतात. त्याला येत नाहीत. जिथे तो अडेल तिथला सेकंद टिपा. बहुतेकदा तिथे हार्मोनियम किंवा गिटार २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात गायकाच्या व्यंजनांवर बसलेली असते. लगेच गायकाचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर ढकलू नका. आधी त्या वाद्याला ३ किलोहर्ट्झच्या आसपास २-३ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) कापून बघा.

पाठवताना मास्टरवरचा, म्हणजे अख्ख्या गाण्यावरचा, लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारं साधन) काढा आणि पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे ६ डीबीच्या आसपास ठेवा. जाणकाराला २४ बिट वेव्ह (न दाबलेली फाइल) द्या. चार मिनिटांचं गाणं साधारण ६५ एमबी होतं. बाकीच्यांना ३२० केबीपीएसची एमपी३ पुरते. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओऐवजी डॉक्युमेंट म्हणून टाका. एखाद्या रिलीज झालेल्या गाण्याशी तुलना करायला सांगणार असाल तर त्या गाण्याचा आवाज आधी तुमच्या गाण्याइतका खाली आणा. कानाला मोठं तेच चांगलं वाटतं.

बेसबद्दल मात्र स्वतःच्या खोलीवर विसंबू नका. दहा बाय दहाच्या खोलीत, फरशी आणि प्लास्टरच्या भिंतींमध्ये, ५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर कोपऱ्यात घुमतो आणि बरोबर मधोमध जवळपास नाहीसा होतो. खुर्ची मधोमध असेल तर तुम्ही बेस वाढवत जाता, आणि तोच गाडीत घों घों करतो. म्हणून गाडीत दोनदा ऐका: एकदा इंजिन बंद करून, मग नाशिकच्या गंगापूर रोडसारख्या रस्त्यावर कुणाला तरी गाडी चालवायला बसवून. चालत्या गाडीत टायरचा आवाज बेस आणि हळू जागा खाऊन टाकतो. अंतऱ्यातली हळू ओळ तिथे हरवली तर ती ओळच १-२ डीबी वर घ्या, अख्खं गाणं नाही.

तबला असेल तर एखाद्या तबलजीला एवढंच विचारा, ‘मोबाईलवर डग्गा कळतोय का?’ मोबाईलच्या स्पीकरला डग्ग्याचे खालचे स्वर झेपत नाहीत. चाट (तबल्याच्या कडेचा टणक आवाज) तेवढी उरते. डग्गा वाढवून हे सुटत नाही, उलट गाडीत त्रास वाढतो. त्यावर थोडं सॅच्युरेशन (आवाजाला हलकी विकृती देणारा इफेक्ट) द्या, म्हणजे वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) तयार होतात आणि छोट्या स्पीकरवरही डग्गा जाणवतो.

मंडपात साउंड चालवणारे कुणी ओळखीचे असतील तर जरूर ऐकवा. पण त्यांचे कान मोठ्या डब्यांना (स्पीकरना) सरावलेले असतात, ते ‘बेस वाढव’ म्हणणारच. तक्रार कुठे आहे ते त्यांच्याकडून घ्या, उपाय तुमचा तुम्ही शोधा. पाच जणांना विचारलंत आणि तिघांनी एकच सेकंद दाखवला तर तिथे हात घाला. एकट्याचं म्हणणं लिहून ठेवा. सगळ्यांचं ऐकून होईपर्यंत काही बदलू नका, नाहीतर कोण कुठल्या मिक्सबद्दल बोलतंय तेच कळत नाही. फाइलला ‘फायनल’ नाव देऊ नका. मिक्स १, मिक्स २ असे आकडे द्या.