बटाट्याच्या कांड्यांवरून पेशीपटलाची पारख
एकाच कच्च्या बटाट्याच्या ५ सेंटिमीटर लांबीच्या दोन सारख्या कांड्या कापून एक साध्या पाण्यात आणि दुसरी, पेडणे तालुक्यातील आगरवाड्याच्या मिठागरातले जाडे मीठ भरपूर विरघळवलेल्या पाण्यात, दोन तास ठेवावी. पहिली ताठ होते, दुसरी लिबलिबीत होऊन वाकते. कारण पेशीपटलाच्या, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाच्या, दुहेरी मेदस्तरातून मिठातले सोडियम व क्लोराइड आयन (विद्युतभारित कण) सहज पार होत नाहीत, पाणी मात्र मुख्यतः अ‍ॅक्वापोरिन या प्रथिनवाहिन्यांतून, पेशीची ऊर्जा न खर्चता, अधिक खाऱ्या बाजूकडे वाहते. (या वाहिन्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्री यांना २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.) आपल्याकडे खारात घातलेल्या कैऱ्या सुरकुततात, त्याही याचमुळे. उकडलेला बटाटा मात्र घेऊ नये. शिजताना पटलच फाटते आणि प्रयोग फसतो.