माणूस गेल्यावर धावायला लागताय? या चुका टाळा

बायको गेली त्याच्या पाचव्या आठवड्यात मी फुल मॅरेथॉनला नाव नोंदवलं. तोवर माझं धावणं म्हणजे एसटी सुटताना तिच्या मागे पळणं, तेवढंच. रात्री अडीच वाजता झोप येत नव्हती, मोबाईलवर जाहिरात दिसली, पैसे भरून टाकले. सकाळी आईला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "कशाला रे?" मला उत्तर देता आलं नाही.

याला आता सहा वर्षं झाली. आम्ही आठ-दहा जण सकाळी साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढतो, आणि दरवर्षी आमच्यात एखादा तरी माझ्यासारखाच येऊन मिळतो. कुणाचा भाऊ गेलेला असतो, कुणाचं मूल. चुका मात्र सगळ्यांच्या त्याच.

फौजा सिंगांची गोष्ट अर्धीच वाचणं

अशा माणसाला कुणीतरी फौजा सिंगांचा फोटो पाठवतोच. मुलगा गेला, मग म्हातारपणी धावायला लागले, आणि २०११ मध्ये टोरांटोला शंभराव्या वर्षी ८ तास ११ मिनिटांत मॅरेथॉन पुरी केली. सगळं खरं आहे. पण मधली वर्षं कुणी मोजत नाही. त्यांचा मुलगा अपघातात गेला १९९४ मध्ये आणि त्यांची पहिली लंडन मॅरेथॉन झाली २००० साली. मध्ये सहा वर्षं गेली. सरावाला पहिल्यांदा आले तेव्हा थ्री-पीस सूट घालून आले होते, असं त्यांचे प्रशिक्षक हरमंदर सिंग सांगत. म्हणजे ते आधी माणसांत आले, धावणं मागाहून आलं.

तेव्हा पहिले तीन महिने कुठेही नाव नोंदवू नका. किलोमीटरही मोजू नका, मिनिटं मोजा. घराबाहेर तीस मिनिटं, दोन मिनिटं धावायचं, एक मिनिट चालायचं. शेजारच्याशी बोलता येईल इतकाच वेग. बोलायला शेजारी कुणी नसेल तर आधी तो शोधा. पहाटे साडेपाचला कोपऱ्यावर कुणीतरी आपली वाट बघत उभं आहे, ही गोष्ट त्या काळात कुठल्याही पदकापेक्षा जास्त उपयोगी पडते. मला अंथरुणातून पदकाने नाही उठवलं. "कुठे आहात?" या मेसेजने उठवलं.

दुखण्याला प्रायश्चित्त समजणं

हे मी जरा सविस्तर लिहितो, कारण यात मी स्वतः आडवा झालोय. पाय दुखायला लागले की मला बरं वाटायचं. निदान कुठे दुखतंय ते दाखवता तरी येत होतं. "तिने आठ महिने सोसलं, मी एवढं सोसू नये?" असा हिशोब डोक्यात चालायचा. हा हिशोब सुरू झाला की थांबा.

श्वास आणि स्नायू काही आठवड्यांत सरावतात, हाडाला महिने लागतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात अंगात दम असतो आणि नडगी मात्र मागे राहिलेली असते. तपासायची सोपी रीत अशी: नडगीच्या आतल्या कडेला बोट दाबत वरून खाली या. वीतभर पट्टा दुखत असेल तर बहुतेक वेळा आठवडा-दोन आठवडे धावणं कमी करून भागतं. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, एका पायावर उडी मारताना ओरडायला होत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती पुष्कळदा दिसतच नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून मी आणखी दहा दिवस धावलो आणि मग सात आठवडे घरी बसलो. त्या सात आठवड्यांत कळलं, की पळता पळता मागे टाकलेलं सगळं दारातच बसून होतं.

छातीत भरून येणं

आपल्या भाषेत दुःखाला आणि हृदयविकाराला शब्द जवळजवळ एकच आहेत. ऊर भरून येतो, छाती दडपते, काळीज तुटतं. त्यामुळे माणूस गेलेल्या घरात छातीतल्या दुखण्याकडे कुणी दुखणं म्हणून बघत नाही. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास ताकोत्सुबो नावाच्या विकाराची नोंद केली. जबर धक्क्यानंतर हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा फुगतो, त्याचा आकार तिथल्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो, आणि लक्षणं थेट हार्ट अटॅकची असतात. चाळिशी ओलांडली असेल तर धावायला लागण्याआधी ईसीजी आणि रक्तदाब तपासून घ्या. चढावर छाती आवळली, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, तर "आठवण आली असेल" म्हणू नका, डॉक्टर गाठा.

धावताना रडू येतं, ते वेगळं. हुंदका आणि धाप एकत्र आले की श्वास अडकतो. वेग कमी करा, चाला, रडून घ्या. घाटात कुणी बघत नाही, आणि बघितलं तरी घाम समजतात.

रिकाम्या पोटी लाँग रन

एकट्यासाठी स्वयंपाक करावासा वाटत नाही. चहा-बिस्किटांवर दिवस निघतात आणि रविवारी पंचवीस किलोमीटर. शरीरात साठवलेली साखर साधारण तिशीच्या किलोमीटरला संपते, ती नीट जेवणाऱ्याची. तुमची पंधरालाच संपेल. आदल्या रात्री डाळ-भात किंवा पिठलं-भाकरी पोटभर, सकाळी निघताना एक केळं. रात्री चार तासही झोप झाली नसेल तर लाँग रन रद्द, नुसतं चालून या.

आठवड्यांमागून आठवडे झोप नाही, जगण्यात रस नाही, असं होत असेल तर मात्र बूट बदलून उपयोग नाही. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो. मी सुद्धा बोललोय, वेगळ्या ठिकाणी, पण बोललोय.

वर्षश्राद्धाला रेस आणि छातीवर फोटो

पहिल्या वर्षदिनाच्या जवळची रेस धरायची, हे जवळपास प्रत्येकाला सुचतं. आमच्याकडे तिथी एका दिवशी आली, तारीख दुसऱ्या, आणि मुंबई मॅरेथॉन तिच्या नेहमीच्या जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी. भटजी आणि बिब (छातीवर लावायचा रेसचा नंबर) यांची सांगड घालता घालता माझी दमछाक झाली. पदक तिच्या फोटोला घातलं. सोमवारी सकाळी उठलो आणि करायला काहीच उरलं नव्हतं. तो सोमवार वाईट होता. रेस धराच, पण तिच्या पलीकडच्या बुधवारी कुणाबरोबर चालायला जायचं ते आधीच ठरवून ठेवा.

टी-शर्टवर फोटो छापण्याबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. फोटो छापला की रेस अर्धवट सोडायची सोय राहत नाही. पायात गोळे आले तरी माणूस थांबत नाही, आणि थांबला तर आपण गेलेल्याला दुसऱ्यांदा गमावलं असं त्याला वाटतं. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही रेसच मुळात स्मरणासाठी सुरू झाली. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या विक क्लॅफमने मेलेल्या सोबत्यांसाठी ती मांडली, आणि १९२१ मध्ये ३४ जण धावायला उभे राहिले. शेवटपर्यंत पोचले फक्त १६. उरलेल्या अठरांनी सोबत्यांचा अपमान केला, असं काही कुणी म्हणत नाही. लोणंदला माउलींची पालखी येते तेव्हा त्यातही वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या जागी चालणारे असतात. किती तासांत आलात, हे त्यांना कुणी विचारत नाही.

घरातली बाकीची माणसं

सगळ्यात मोठी चूक मला माझ्या मुलीने दाखवली. ती तेव्हा पाचवीत होती. मी आठवड्यातून सहा दिवस पहाटे बाहेर, लोक म्हणायचे, "किती सावरलात!" एकदा डबा भरताना ती म्हणाली, "बाबा, आई गेल्यापासून सकाळी घरात कुणीच नसतं." आजी होती की घरात. पण तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

मंगळवार आणि गुरुवार धावणं बंद केलं. त्या दोन दिवशी तिच्या वेण्या माझ्याकडे आल्या. मधला भांग सरळ येईना, डावी वेणी कानावर आणि उजवी मानेवर, शाळेत पोचेपर्यंत एक सुटलेली. दोन्ही वेण्या सारख्या यायला मला तीन महिने लागले. हाफ मॅरेथॉन त्याच्या आधी झाली होती.

आता ती अकरावीत आहे. केस खांद्यापर्यंत कापलेत, त्यामुळे वेण्यांचा प्रश्न मिटला. मंगळवार-गुरुवारची सुट्टी मात्र मी अजून मोडलेली नाही.