ढीग थंड झाला म्हणजे खत तयार झालं असं नाही!

भाजीला सेंद्रिय खत किती घालायचं हे जो तो विचारतो, खत नीट कुजलंय का हे कुणी बघतच नाही आणि सगळी वाट तिथंच लागते. वाफा खणून तयार आहे असं धरून सांगतो.

"ढीग थंड पडला की खत वापरा" हा सल्ला ऐकून मी तोंडावर आपटलोय. माझा शेण-काडीकचऱ्याचा ढीग महिन्याभरात गार झाला, मी खूश होऊन सगळा वाफ्यात मिसळला, टोमॅटो लावले, आणि दहा-बारा दिवसांत खालची पानं पिवळी. खत कमी पडलं वाटून मी वर अजून दोन घमेली घातली, हा शहाणपणा! शेवटी एक रोप उपटलं तर मुळाशी काड्या जशाच्या तशा, वाकवली की कट्कन मोडणाऱ्या. ढीग कुजून नाही, वाळून थंड झाला होता. वाफ्यात पाणी मिळाल्यावर कुजणं परत सुरू झालं आणि त्याला लागणारा नत्र (नायट्रोजन) जंतूंनी मातीतूनच ओढला, रोपं उपाशी.

म्हणून आधी ढिगाच्या आतलं मूठभर घेऊन दाबा. एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर, भुगा होऊन सांडलं तर पाणी मारत ढीग पलटी करा आणि तीन-चार दिवसांनी आत हात घाला (जपून, चालू ढीग आतून ५५-६५ अंशांपर्यंत तापतो). परत गरम झाला म्हणजे काम बाकी आहे, घाई करू नका. गार राहिला तर ओलसर खत पिशवीत तीन दिवस गच्च बांधून ठेवा, उघडल्यावर नाकात झणका गेला तर कच्चं, पावसानंतरच्या मातीसारखा वास आला तर पास. तरी शंका असेल तर मुळ्याचं दहा बी खतात, दहा साध्या मातीत टाका, खतातलं मागं पडलं तर थांबा.

बाकी सोप्पंय. चौरस मीटरला २-३ किलो, वरच्या वीतभर मातीत मिसळायचं, आठवड्याने लागवड. फुलं लागताना मूठभर गांडूळखत, खोडाला न चिकटवता.

आणि ताजं शेण मुळा, गाजर, पालक असल्या भाज्यांना अजिबात नको. गाजराला फाटे फुटतात ते सोडा, कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर शेणातले रोगजंतू येतात आणि ते नुसत्या धुण्याने सगळे जात नाहीत.