डच नाव फोडायचं कसं

इंजिनिअरिंगला डायकस्ट्राचा अल्गोरिदम (सर्वांत जवळची वाट शोधायची रीत) घोकणाऱ्यांना ते आडनाव म्हणजे जोडाक्षरांचा गोळा वाटतो. फोडलं की सोपं आहे. ‘डायक’ म्हणजे पाणी अडवणारा बांध आणि ‘स्ट्रा’ म्हणजे तिथे राहणारा. हे ‘स्ट्रा’ उत्तरेकडच्या फ्रीसलँडचं. म्हणून हा संगणकशास्त्रज्ञ १९३० साली रॉटरडॅमला जन्मला असला, तरी घराण्याचा माग काढायला फ्रीसलँडमध्येच जावं लागेल.

आधी पुढचे सुटे शब्द बाजूला काढा. ‘व्हान’ म्हणजे अमुक ठिकाणचा. ‘टेर’, ‘टेन’ म्हणजे अमुक जागेपाशी. ‘डे’ हे नुसतं उपपद. त्याच्यामागे बहुधा धंदा, गुण किंवा प्रांत येतो. डे बूर शेतकरी, डे व्रीस फ्रीसलँडचा, डे यॉंग धाकटा (एकाच नावाचे दोघे असले की एकाला हे चिकटे). नेदरलँड्समध्ये यादी लावताना हे शब्द धरत नाहीत: व्हान डायक ‘डी’खाली सापडतो. बेल्जियममध्ये मात्र तोच ‘व्ही’खाली. नाव यादीत नाहीच असं वाटतं तेव्हा निम्म्या वेळा घोळ इथे असतो.

‘व्हान’ आपल्या ‘कर’सारखं वागतं. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? गाव सोडलं की ते मागे लागतं. त्यामुळे आडनावातलं गाव शोधताना घराणं जिथे सापडलं त्याच्या बाहेर बघा, प्रसंगी सरहद्दीपलीकडेही. व्हान गॉगमधलं ‘गॉग’ म्हणजे गॉख, आणि ते आज जर्मनीत आहे.

मग शेवट पाहा. ‘सेन’, ‘झोन’ किंवा नुसता ‘स’ असेल तर बापाचं नाव समजा: यान्सेन म्हणजे यानचा, हायगेन्स म्हणजे ह्यूगोचा. रेम्ब्रांट हार्मेन्सझोन व्हान राइन या एका नावात सगळं आलं: स्वतःचं नाव, बाप हार्मेन, आणि लायडेनला ऱ्हाइनकाठी असलेली घरची पवनचक्की. जुन्या कागदांत ‘झोन’चं फक्त पहिलं अक्षर आणि टिंब उरतं, मुलीसाठी ‘डी-आर’. वेंगुर्ल्याला १६३७ पासून वखार असलेल्या वलंदेजांचे, म्हणजे डचांचे, कागद चाळणाऱ्यालाही हे लक्षात ठेवावं लागतं. मुख्य अडचण पुढेच: पीटर यान्सझोनचा मुलगा यान पीटर्सझोन होतो. आडनाव धरून मागे गेलात तर पहिल्याच पिढीत वाट चुकते. तिथे बापाचं नाव आणि गाव धरूनच चालायचं.

पूर्वेकडच्या ‘इंक’चं वेगळंच. ते बहुधा शेतवाडीचं नाव, आणि वाडीवर राहायला जाणारा तेच नाव घेई. बायकोच्या वाडीवर गेलेला नवराही.

गावांच्या नावांत पाणी आणि दलदल जागोजाग. ‘डॅम’च्या आधी बहुतेक वेळा नदी असते: आम्स्टेलवरचं अ‍ॅमस्टरडॅम, रॉटेवरचं रॉटरडॅम. पण फोलेनडॅमपाशी फसू नका. तिथे ‘फोल’ नावाची नदी नाही, भरून काढलेला बांध एवढाच अर्थ. ‘ट्रिख्त’, ‘ट्रेख्त’ हे रोमन ‘त्राएक्तुम’, म्हणजे नदी ओलांडायची जागा: मास नदीवरचं मास्त्रिख्त, आणि उट्रेख्त. ‘फेन’ म्हणजे पीटची (कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची) दलदल, ‘लो’ म्हणजे रान किंवा रानातली मोकळी जागा, ‘रोडे’ आणि ‘राडे’ म्हणजे झाडं तोडून काढलेली जमीन. ‘मेर’ म्हणजे तळं. हार्लेमरमेरचं तळं १८५२ साली उपसून कोरडं केलं, नाव पाण्याचंच राहिलं.

सगळ्यात मजेदार ‘कोप’. आजच्या डचमध्ये त्याचा अर्थ खरेदी, म्हणून बॉस्कोप, न्यूकोप ही बाजाराची गावं वाटतात. मूळ ‘कोप’ म्हणजे करार. अकराव्या ते तेराव्या शतकांत हॉलंडचा काउंट आणि उट्रेख्तचा बिशप अशा कराराने दलदल लागवडीला देत. एकेक पट्टा साधारण १२५० मीटर लांब आणि ११० मीटर रुंद. अशा पट्ट्यांच्या रांगा त्या भागात आजही नकाशावर दिसतात.

आता फसवी नावं. व्हान डेन बेर्ख म्हणजे डोंगरावरचा. पण सपाट देशात जरासा उंचवटाही ‘बेर्ख’. फॉस म्हणजे कोल्हा. तो तांबड्या केसांवरून आला असेल किंवा घरावरच्या पाटीवरून. नाक्टखेबोरेन, शब्दशः ‘नागडा जन्मलेला’, हे नापोलियनच्या अधिकाऱ्यांची थट्टा म्हणून कुणी दिलं, असं हमखास सांगतात. ते खरं नाही. नापोलियनच्या १८ ऑगस्ट १८११ च्या हुकमाने आडनाव नोंदवणं सक्तीचं झालं, पण पश्चिमेकडे बहुतेकांना आडनावं आधीच होती. हे नावही जुनंच, आणि जर्मन ‘नाखगेबोरेन’, म्हणजे बाप वारल्यावर जन्मलेला, याचं बिघडलेलं रूप मानतात.

खात्री करायला डच आडनावांची ऑनलाइन बँक उघडा. तिथे १९४७ आणि २००७ चे आकडे आणि नकाशे आहेत. १९४७ चा नकाशा आधी पाहा, तेव्हा माणसं कमी पांगली होती. मग जन्म-विवाह-मृत्यूच्या नोंदी: जन्माची १०० वर्षांनी, विवाहाची ७५, मृत्यूची ५० वर्षांनी खुली होते. शोधताना प्रत्येक नाव दोन-तीन स्पेलिंगांनी टाका: ‘आय-जे’च्या जागी ‘वाय’, ‘के’च्या जागी ‘सी’ किंवा ‘सी-के’, दोन ‘ए’च्या जागी ‘ए-ई’. एकाच माणसाच्या लग्नाच्या नोंदीत एक आणि मुलाच्या जन्मनोंदीत दुसरं स्पेलिंग सापडतं.