कार्बन शाफ्टने पूल टेबलच्या कापडावर काळ्या रेघा पडतायत? आधी हे करून बघा

नवीन फिकट निळं कापड टाकलं की थोड्याच दिवसात रेलवर (टेबलच्या कडेच्या कुशनच्या पट्टीवर) काळपट रेघा दिसायला लागतात, आणि मग सगळे कार्बन शाफ्टवाल्यांकडे, म्हणजे ज्यांच्या क्यूचा (खेळायच्या काठीचा) पुढचा भाग कार्बन फायबरचा आहे त्यांच्याकडे बघतात. त्यात तथ्य आहे, माझ्याच शाफ्टची रेघ मी पाहिलीय. क्यू बॉल (पांढरा बॉल) रेलला चिकटलेला होता, शाफ्ट कुशनच्या कापडावर टेकवून चार-पाच वेळा मागेपुढे केला, शॉट मारून उचलला तर खाली बोटभर लांब राखाडी पट्टा!

२०१६ ला प्रिडेटर कंपनीचा रेव्हो हा कार्बन शाफ्ट आला आणि तेव्हापासून कार्बनचं वेड वाढतच गेलं. लाकडी शाफ्ट मळ पिऊन घेतो, म्हणून तो स्वतःच निळा-काळा पडतो. कार्बन काही पीत नाही, त्यामुळे चॉकची (क्यूच्या टोकाला, म्हणजे टिपला लावायच्या निळ्या खडूची) पूड, हाताचा घाम-तेल सगळं वरच बसतं आणि कापडाला घासलं की तिथे उतरतं. आणि शाफ्टचा पृष्ठभाग घासला गेलेला असेल तर कार्बनची काळी पूडसुद्धा सुटते.

आधी डाग नीट ओळखा. पांढरे ठिपके किंवा छोट्या पांढऱ्या रेघा ब्रेकच्या (बॉल फोडायच्या पहिल्या शॉटच्या) जागी असतील तर ते बॉलच्या घर्षणाने कापड जळलेलं असतं, शाफ्टचा संबंध नाही आणि ते पुसून जात पण नाहीत. निळा भुरका डाग म्हणजे चॉक. सरळ काळी-राखाडी रेघ, तीही रेलवर किंवा जिथे लोक क्यू आडवा ठेवून बँक (बॉल कुशनला आपटून कुठे जाईल ते) मोजतात तिथे, ती शाफ्टची.

शंका असेल तर पांढरा सुती रुमाल घ्या, शाफ्टला घट्ट गुंडाळा आणि फेरूलपासून (टिपच्या लगेच मागचा छोटा भाग) खालपर्यंत ओढा. रुमाल काळा आला की उत्तर मिळालं. मग मायक्रोफायबरवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल (केमिस्टकडे किंवा ऑनलाइन मिळतं) घेऊन पुसायचं, फडक्याची बाजू बदलत राहायचं, पांढऱ्या रुमालावर काही येईनासं होईपर्यंत. अल्कोहोल फडक्यावर घ्या, शाफ्टवर ओतू नका, टिपच्या गोंदापासून आणि खाली बटच्या (क्यूचा मागचा जाड भाग) पॉलिशपासून लांब ठेवा, आणि अर्थातच जवळ सिगरेट-लायटर नको. शेवटी कोरड्या फडक्याने एक हात.

एक कळकळीची विनंती, सँडपेपर लावू नका. लाकडाच्या सवयीने लोक घासतात, त्याने वरचा थर जातो, शाफ्ट अजून जास्त काळं सोडायला लागतो आणि ती बारीक धूळ श्वासातून आत जाणं वाईटच.

आता कापड. सिमोनिस ८६० सारख्या कापडात जवळपास ९० टक्के लोकर असते, त्यामुळे पाणी ओतणं, साबण, अल्कोहोल यातलं काही नको. आधी व्हॅक्यूम किंवा मऊ ब्रशने सुकी पूड काढा, हे महत्त्वाचं, नाहीतर ओल्या फडक्याने तीच पूड आत बसते. मग पांढरं मायक्रोफायबर घट्ट पिळून, नुसतं दमट असेल इतकंच, रेघेवर एका दिशेने हलकं फिरवा, गोल गोल रगडू नका. फिकट झाली की थांबा, पूर्ण सुकू द्या, मगच खेळा. जुनी रेघ पूर्ण जाईलच असं नाही, पण ताजी असेल तर बहुतेक वेळा जाते, म्हणून दिसली की लगेच हात लावायचा.

पुढे परत पडू नये म्हणून चॉक टेबलच्या बाहेर वळून लावा, लावल्यावर ठेवताना निळी बाजू वर. क्यू कापडावर आडवा टाकून बँक मोजायची सवय असेल तर हवेत धरून मोजा. आणि रेलवरचा शॉट आला की त्याआधी खिशातल्या रुमालाने शाफ्टचा पुढचा वीतभर भाग पुसून घ्या, दोन सेकंद लागतात.