सेंट अँड्र्यूजला गोल्फ ट्रिप ठरवताय? मग रविवार आधी बघा

स्कॉटलंडला जाणार असाल तर पहिल्यांदा कॅलेंडर उघडा, कारण सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स रविवारी सहसा बंद असतो, त्या दिवशी लोक तिथे चक्क कुत्री घेऊन फिरायला येतात. त्यामुळे रविवारी एडिनबराजवळच्या डलमहॉयसारख्या पार्कलँड कोर्सवर खेळा, झाडं असतात, जमीन मऊ असते आणि वाऱ्याने गारठलेल्या कानांनाही जरा आराम.

ओल्ड कोर्सचं आधी बुकिंग मिळालं नाही तर बॅलट म्हणजे सोडत असते, खेळायच्या दोन दिवस आधी नावं टाकायची, म्हणून तिथे एकच रात्र राहू नका, तीन-चार तरी ठेवा म्हणजे रोज नशीब आजमावता येतं, नाहीच लागलं तर शेजारी न्यू आणि जुबिली हे कोर्स आहेतच (न्यू म्हणजे 1895 चा बरं का!). हँडिकॅप सर्टिफिकेट (तुमच्या खेळाची पातळी दाखवणारा दाखला) मात्र सोबत हवंच.

अजून एक, लिंक्सवर, म्हणजे अशा समुद्रकाठच्या वाळूच्या कोर्सवर, बॉल उंच मारायची सवय सोडा, वारा कुठल्या कुठे नेतो. जमीन टणक असते, ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक गवताच्या पट्ट्याच्या) वीस-तीस यार्ड अलीकडे टप्पा पाडायचा आणि घरंगळू द्यायचा. शिवाय बग्गीच्या भरवशावर जाऊ नका, चालायचंय, त्यामुळे वॉटरप्रूफ बूट घरीच आठवडाभर घालून मऊ करून घ्या.